रिपोर्ट खरा निघावा म्हणून

घरातल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या रक्ताचा रिपोर्ट हल्ली थेट मोबाइलवर येतो. डॉक्टरांनी तो उघडण्याआधी आपणच उघडतो. त्यात चार आकडे ठळक छापलेले असतात, कुणापुढे ‘एच’, कुणापुढे ‘एल’. तासाभरात ते आकडे गूगलवर शोधून होतात, सोसायटीच्या ग्रुपवर जातात, आणि कुणी किडनी गेली म्हणतं, कुणी लिव्हर. भायखळा, माझगाव, घोडपदेव, लालबाग, चिंचपोकळी ह्या पट्ट्यात जनावरं पाळणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे : आकडा वाचण्याआधी तो आला कसा ते विचारा. रक्त किती वाजता काढलं, कोणत्या ट्यूबमध्ये भरलं, मधल्या वेळात कुठे ठेवलं, कोणत्या मशीनवर लावलं, आणि ते मशीन त्या दिवशी बरोबर चालतंय हे कुणी पाहिलं होतं का? माणसांच्या प्रयोगशाळांचे जे अभ्यास झाले आहेत, त्यांत बहुतेक चुका नमुना मशीनमध्ये जाण्याआधीच होतात असं दिसलं आहे. जनावरांच्या बाबतीत तर नमुना देणारा चावतो, ओरबाडतो आणि टेबलावरून उडी मारतो.

आपला भाग तसा नशीबवान. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. त्याच आवारात 1886 मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे. मुंबईतल्या दुसऱ्या कुठल्या वस्तीला एवढं सगळं टॅक्सीच्या एका छोट्या भाड्यात मिळत असेल असं मला वाटत नाही. तरीही बहुतेक जनावरांचं रक्त निघतं ते गल्लीतल्या एका खोलीच्या दवाखान्यात. तिथून ट्यूबला तीन वाटा असतात. एक, दवाखान्यातलंच छोटं मशीन. दोन, जनावरांची खास लॅब, जिचा मुलगा संध्याकाळी नमुने गोळा करून नेतो. तीन, कोपऱ्यावरची माणसांची पॅथॉलॉजी लॅब. स्वस्त, जवळची आणि ओळखीची म्हणून तिसरी वाट अजून बरीच चालते, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

असे रिपोर्ट मी पाहिले आहेत, ज्यांवर पेशंटचं नाव ‘ब्रूनो’, वय सहा, लिंग पुरुष असं असतं. संगणक बिचारा त्याला सहा वर्षांचा मुलगा समजतो आणि नॉर्मल रेंज लहान मुलाची छापतो. पुढचं सगळं एच आणि एल त्या रेंजवरून येतं. थायरॉइडचं घ्या. माणसाचा टी-फोर साधारण 5 ते 12 मायक्रोग्रॅमच्या घरात असतो, निरोगी कुत्र्याचा 1 ते 4 च्या. म्हणजे ठणठणीत कुत्र्याचा टी-फोर माणसाच्या रेंजला लावला, की तो दर वेळी ‘कमी’ निघणार, आणि कुणीतरी उत्साहाने आयुष्यभराची गोळी सुरू करणार. मांजराचं उलट होतं. क्रिॲटिनिन दीडच्या पुढे असलेली भरपूर मांजरं धडधाकट असतात, पण माणसाच्या रेंजमध्ये तो आकडा ठळक छापून येतो आणि घरात रडारड सुरू होते.

रेंज बदलून भागलं असतं तर प्रश्न सोपा होता. पण पेशी मोजण्याची रीतच माणसाच्या मापाने बसवलेली असते. सीबीसीचं मशीन पेशी आकारावरून ओळखतं. माणसाची तांबडी पेशी साधारण 90 फेम्टोलिटरची, कुत्र्याची 70 ची, मांजराची 45 ची, आणि बकरीची तर 20 च्या आसपास. मदनपुऱ्यात किंवा नागपाड्यात बकरी ईदच्या आधी देवनारहून आणलेला बकरा आजारी पडला आणि त्याचं रक्त कुणी माणसांच्या लॅबमध्ये दिलं, तर बकऱ्याच्या तांबड्या पेशी त्या मशीनला नीट दिसतच नाहीत. मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात आणि गुठळ्या करून बसतात. मशीन त्यांना तांबड्या पेशी समजतं, किंवा मोजतच नाही. मग ‘प्लेटलेट 30 हजार’ असा रिपोर्ट येतो आणि मांजर मात्र खिडकीत बसून कबुतरं बघत असतं. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघणं हा एकच उपाय आहे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना तर केंद्रक असतं, त्यामुळे साध्या मशीनवर त्यांची मोजणी फसते. 2016 मध्ये आपल्या राणीच्या बागेत सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. तेव्हा इथल्या मुलांना त्यांची उंची, त्यांचे मासे, त्यांचं थंडगार घर सगळं पाठ झालं होतं. त्या पक्ष्यांच्या रक्ताची मोजणी हातानेच करावी लागते, हे मात्र कुणाच्या चर्चेत नव्हतं. तुमच्या घरच्या बजरीलाही तोच नियम लागू आहे.

घरातल्या शुगरच्या मशीनबद्दलही सांगून ठेवतो, कारण आजोबांच्या ग्लुकोमीटरवर बोक्याची शुगर बघणारी घरं आहेत. माणसाच्या रक्तात साखर तांबड्या पेशी आणि पातळ भाग ह्यांत ज्या प्रमाणात वाटलेली असते, ते प्रमाण कुत्र्या-मांजरांत अगदी वेगळं असतं. त्यांची बहुतेक सगळी साखर पातळ भागात असते. त्यामुळे माणसाचा ग्लुकोमीटर त्यांची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. इन्सुलिनचा डोस त्या आकड्यावर ठरवणं धोक्याचं आहे. जनावरांसाठीचा मीटर वेगळा मिळतो. महाग आहे, पण मधुमेही मांजर असेल तर तोच घ्या.

आता तुमच्या बाजूचं बोलू.

रक्त काढायला जायच्या आदल्या रात्री डॉक्टरांना विचारा, उपाशी आणायचं का. मोठ्या कुत्र्याला बहुतेक वेळा आठ ते बारा तास उपाशी ठेवायला सांगतात, पाणी चालतं. लहान पिल्लू किंवा मधुमेही जनावर स्वतःच्या मनाने उपाशी ठेवायचं नाही. सकाळी आजीने प्रेमाने तूप-पोळी भरवली असेल, तर ते सांगा. लपवू नका. चरबीमुळे रक्ताचा पातळ भाग दुधासारखा होतो आणि अर्ध्या चाचण्या त्यात चुकतात. औषधांचंही तेच. खाज थांबावी म्हणून कुणीतरी दिलेलं इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. स्टेरॉइडने कुत्र्याचं अल्कलाइन फॉस्फटेज भलतंच वाढतं, टी-फोर खाली जातो. फिटच्या गोळ्यांनीही हे आकडे बदलतात. चार ठिकाणचं औषध चालू असेल तर चारही पाकिटं पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील ह्या भीतीने एक पाकीट घरी ठेवलं, तर रिपोर्ट आलेला असूनही कुणालाच तो नीट वाचता येणार नाही. आणि पिल्लाचं वय नक्की सांगा. वाढत्या हाडांमुळे पिल्लाचं अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त असतंच. तो लिव्हरचा आजार नव्हे.

मांजरवाल्यांनी घाई करू नये. पिशवीत कोंबून, रिक्षा नसलेल्या आपल्या भागात टॅक्सीत हॉर्न ऐकवत, मग भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेत बसवून आणलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने 200 च्या पुढे, कधी 300 पर्यंत जाते. घरी आलं की उतरते. नुसत्या एका आकड्यावर कुणी मधुमेह म्हणालं, तर फ्रुक्टोसामाइन ही चाचणी मागा. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या एका भेदरलेल्या तासाची नाही. मांजराला झाकलेल्या पेटीत, त्याच्या वासाच्या टॉवेलवर न्या, आणि दवाखान्याला आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा.

टेबलावर रक्त निघत असताना तिथेच उभं राहून बघा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध असतं, आणि तिच्यावर एक रेघ असते. रक्त रेघेपेक्षा फार कमी असेल तर औषध जास्त होऊन पेशी आक्रसतात, फार जास्त असेल तर गुठळी होते. छोट्या मांजराचं एक मिली रक्त मोठ्या माणसाच्या ट्यूबमध्ये टाकणं म्हणजे पहिली चूक ठरलेली. छोट्या ट्यूब मिळतात. शिर सापडत नाही म्हणून सुई तीनदा खुपसून, पिस्टन जोरात ओढून काढलेलं रक्त फुटतं, पातळ भाग लाल होतो. असा नमुना चांगल्या लॅबने परत पाठवायला हवा. तुमच्या लॅबने कधीच कुठला नमुना परत पाठवला नसेल, तर त्याचं कौतुक करू नका. काळजी करा.

ट्यूबवर नाव लिहिलेलं बघा. झाकणावर नाही, ट्यूबवर. एका संध्याकाळी एका दवाखान्यात दोन ब्रूनो आणि तीन मन्या येणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. म्हणून जनावराच्या नावासोबत मालकाचं नाव आणि रक्त काढल्याची वेळ हवीच.

वेळ एवढ्यासाठी, की ट्यूबमध्ये पडलेलं रक्त जिवंत असतं. वेगळं न केलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या खोलीच्या तापमानात दर तासाला साधारण 5 ते 10 टक्के साखर कमी होते. रात्री आठ वाजता काढलेलं रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये पोचलं, तर शुगर ‘कमी’ आलीच म्हणून समजा. मे महिन्यात नमुना बाइकच्या डिकीत दोन तास फिरला तर काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. उलट नमुना थेट बर्फाला चिकटवला तरी पेशी फुटतात. थंड पिशवीत, मध्ये कागद किंवा कापड घालून ठेवायचा. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-चिंचपोकळीच्या रस्त्यांवरून कलेक्शनचा मुलगा वेळेत बाहेर पडेल ह्या भरवशावर राहू नका. त्या दिवसांत तपासणी टळण्यासारखी असेल तर टाळा. टळत नसेल तर सकाळी लवकर जनावरालाच परळला घेऊन जा.

लघवीचा नमुना घरून न्यायचा असेल तर स्वच्छ, कोरड्या डबीत, आणि शक्यतो अर्ध्या-एक तासात. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तसं सांगा, कारण थंडीने लघवीत स्फटिक दिसायला लागतात जे मुळात नव्हतेच. जंतूंची कल्चर तपासणी करायची असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी द्यायच्या आधी नमुना घ्यायला सांगा. गोळी सुरू झाली की ‘जंतू वाढले नाहीत’ ह्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

आता किटबद्दल. 2020 मध्ये, कोविडच्या साथीत, ह्या शहरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट कळली होती : अँटिजेनची झटपट टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताप असेल, तर आरटी-पीसीआर करायची. तेव्हा साने गुरुजी मार्गावरच्या कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा दिवसरात्र चालली होती, आणि टेस्ट-टेस्टमध्ये फरक असतो हे आपण पानवाल्यालाही समजावून सांगत होतो. ते ज्ञान कुत्र्याच्या बाबतीत वापरा. गोचीड तापाचं किट बऱ्याचदा प्रतिपिंडं बघतं. म्हणजे जंतू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच ते सांगतं. मुंबईत गोचिडांनी एकदाही न चावलेला रस्त्यावरचा कुत्रा शोधायचा म्हटला तर कठीण आहे. त्यामुळे ‘एर्लिकिया पॉझिटिव्ह’ ह्या एका रेघेवर चार आठवड्यांचं डॉक्सीसायक्लीन सुरू करण्याआधी ताप आहे का, प्लेटलेट खरंच कमी आहेत का, काचपट्टीवर काय दिसलं, हे विचारा. बबेसिया बघायचा तर कानाच्या कडेतून घेतलेल्या थेंबाची ताजी काचपट्टी उपयोगी पडते, आणि ती बघणारा माणूस सरावाचा हवा. जुन्या, न गाळलेल्या रंगाचे कण बबेसियासारखेच दिसतात. पार्व्होचं किट उलट्या बाजूने फसवतं. लसीनंतर थोड्या दिवसांत केलं तर हलकी रेघ येऊ शकते, आणि खऱ्या पार्व्होच्या पिल्लातही ते कधी कधी निगेटिव्ह येतं. रक्ताची हगवण, उलट्या आणि खाली गेलेल्या पांढऱ्या पेशी असताना किट निगेटिव्ह म्हणून पिल्लू घरी नेऊ नका.

लेप्टोचं नाव इथे पावसाळ्यात निघतंच. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर तर निघालंच निघालं. कुत्र्याला पाणी साचलेल्या रस्त्यातून नेलं, मग ताप, कावीळ, लघवी कमी, असं असेल तर डॉक्टर लेप्टोची तपासणी सुचवतील. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. लस घेतलेल्या कुत्र्यात लसीची प्रतिपिंडं असू शकतात, म्हणून लसीची तारीख सांगा. आणि एकाच नमुन्यावर निर्णय बहुधा होत नाही. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन प्रमाण चौपट वाढलं का ते बघतात. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून औषध थांबवू नका, आणि दुसरा नमुना द्यायला कंटाळू नका. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून तोवर त्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालून साफ करा.

रेबीजबद्दल मात्र एकही शंका नको. जिवंत कुत्र्याच्या रक्तावर ‘ह्याला रेबीज आहे का’ हे भरवशाने सांगणारी तपासणी नाही. ती खात्री मृत जनावराच्या मेंदूच्या तुकड्यावर होते. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच रुग्णालयात जाऊन लस घ्या. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण लस त्या दहा दिवसांसाठी थांबवू नका. कुणी कुत्र्याचं रक्त तपासून ‘काही नाही’ असं लिहून देत असेल तर त्या कागदावर विश्वास ठेवू नका.

इथवर आपली बाजू झाली. आता दवाखान्याची.

प्रत्येक मशीनसोबत एक बाटली मिळते, जिला कंट्रोल म्हणतात. त्यातल्या प्रत्येक घटकाचं प्रमाण आधीच माहीत असतं. रोज सकाळी, निदान मशीन वापरायच्या दिवशी, ती आधी लावायची आणि आलेला आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे का ते बघून वहीत लिहायचा. सलग तीन दिवस आकडा एकाच बाजूला सरकत असेल तर मशीन बिघडायला लागलंय हे पेशंट फसण्याआधीच कळतं. हे काम कंटाळवाणं आहे, कंट्रोल महाग आहे, आणि त्यासाठी पेशंटकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी ती बाटली फ्रिजमध्ये मुदत संपून पडलेली असते. पट्ट्या आणि किट ह्यांचंही तेच. आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत लघवीच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर आठवड्याभरात त्यांचे रंग चुकायला लागतात. डबीचं झाकण लावलेलं आहे का, हे काउंटरच्या अलीकडूनही दिसतं.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका : “डॉक्टर, आज मशीनचं कंट्रोल लावलं होतं का?” चांगला डॉक्टर ह्या प्रश्नावर खूश होईल. बाहेरच्या लॅबला विचारायचा प्रश्न वेगळा : रेंज कुत्र्या-मांजराची स्वतंत्र आहे का, आणि काचपट्टी जनावरांचा पॅथॉलॉजिस्ट बघतो का? एनएबीएलची मान्यता आहे असं सांगितलं तर कोणत्या चाचण्यांसाठी आहे ते विचारा, कारण ती मान्यता चाचणीवार मिळते, अख्ख्या पाटीला नाही.

हाताळणीतल्या एका चुकीमुळे काय होतं, ह्याचा एक जुना आणि फार कडू दाखला आपल्याच भागाशी जोडलेला आहे. वाल्देमार हाफकिन ह्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. टोचलेल्यांची तुलना न टोचलेल्यांशी केली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना पद सोडावं लागलं. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे आलं. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर 1907 मध्ये त्यांच्यावरचा आळ उतरला. गोष्ट लसीची आहे, रक्ताच्या तपासणीची नाही. पण बाटली कुणी, केव्हा, कशी उघडली ह्याची नोंद असली की खरं शोधता येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

आता त्या एच आणि एलबद्दलची भीती थोडी कमी करतो. नॉर्मल रेंज बसवतानाच निरोगी जनावरांपैकी 95 टक्के तिच्यात येतील अशी बसवलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत निरोगी जनावरांपैकी वीसातलं एक रेंजबाहेर जाणारच. 20 चाचण्यांचं पॅनेल लावलं, तर साध्या हिशोबाने पूर्ण निरोगी कुत्र्याच्याही रिपोर्टात निदान एक ठळक आकडा येण्याची शक्यता 64 टक्के आहे. म्हणून ‘फुल बॉडी चेकअप’ची जाहिरात बघून निरोगी जनावराच्या तीस-चाळीस चाचण्या करायचा मोह आवरा. म्हातारं जनावर, भूल द्यायच्या आधीचं जनावर, औषधावर असलेलं जनावर ह्यांच्या तपासण्या जरूर करा, पण कशासाठी करतोय ते डॉक्टरांकडून आधी ऐकून घ्या. हलकासा सरकलेला एक आकडा पाहून औषध सुरू होत असेल तर तीच चाचणी दोन-तीन आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये पुन्हा करायला सांगा. लॅब बदलली की आकडे बदलतात, आणि बदललेल्या आकड्याला आपण सुधारणा किंवा बिघाड समजतो. जनावराच्या नावाने एक फाइल ठेवा, रिपोर्टांचे कागद तारखेने लावा. तीन वर्षांचा स्वतःचा क्रिॲटिनिन हाताशी असलेल्या बोक्याला छापील रेंजची फारशी गरज पडत नाही.

खर्चाचं उघड बोलायला हवं. जनावरांची खास लॅब माणसांच्या लॅबपेक्षा महाग पडते, आणि चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत कुत्रा सांभाळणाऱ्याला ते परवडेलच असं नाही. अशा वेळी कमी चाचण्या करा, पण योग्य ठिकाणी करा. पंधरा आकड्यांच्या स्वस्त रिपोर्टापेक्षा डॉक्टरांनी समोर बघितलेली एक काचपट्टी, रक्ताचा पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि दोन नेमक्या चाचण्या जास्त कामाच्या. धर्मादाय रुग्णालयात आणि महाविद्यालयाच्या दवाखान्यात रांग लागते, वेळ जातो, पण तिथे शिकणारी मुलं असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे मास्तर असतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी डबा घेऊन निघा.

एक गोष्ट जवळजवळ कुणी विचारत नाही. ऑपरेशनमध्ये गाठ काढली, की ती कचऱ्यात जाते. ती फेकू देऊ नका. तिच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये बुडवून तपासणीला पाठवायला सांगा. ती साधी चरबीची गाठ होती की कॅन्सर, हे हाताने चाचपून सांगता येत नाही. आणि फॉर्मेलिनची बाटली रक्ताच्या काचपट्ट्यांसोबत एकाच पिशवीत पाठवू नका, तिच्या वाफेने काचपट्ट्या खराब होतात. घरातलं जनावर अचानक गेलं आणि बाकीची जनावरं घरात असतील, तर शवविच्छेदन करून घ्या. तोवर शव थंड ठेवा, गोठवू नका.

रिपोर्ट आणि जनावर जुळत नसतील, म्हणजे कागदावर मरायला टेकलेला कुत्रा दारात उड्या मारत असेल किंवा कागदावर ठीक असलेलं मांजर चार दिवस जेवलेलं नसेल, तर नव्या नमुन्यावर पुन्हा तपासणी मागा. भांडू नका, पण मागा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आणि ह्या भागातल्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगणं आहे : कंट्रोलची वही फ्रिजमागे ठेवू नका, काउंटरवर ठेवा, आणि कुणी मागितली तर उघडून दाखवा.